खून करावा तर परगावी

खून करायचा तर तो समुद्रकाठच्या हवेशीर गावी करावा, असा पाश्चात्त्य रहस्यकथाकारांत काहीतरी अलिखित करार असावा. अगाथा ख्रिस्तीबाई आपल्या पात्रांना कधी निळ्या आगगाडीनं रिव्हिएराला धाडतात, तर कधी ऱ्होड्स बेटावर. तिथं म्हणे माणसं ऊन खायला जातात! आम्ही पडलो चंद्रपूरकर. आमच्याकडं मे महिन्यात ऊनच माणसाला खातं. पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर गेला की अट्टल खुन्यालाही वाटावं, जाऊ द्या, मृग लागल्यावर बघू.

अशा दिवसांत कूलरच्या टाकीत बादल्या ओतता ओतता पॅट्रिशिया हायस्मिथ यांची 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली' ही १९५५ सालची कादंबरी वाचून काढली. टॉम रिप्ली हा न्यूयॉर्कमधला एक फाटका तरुण. इन्कमटॅक्स खात्याचा माणूस असल्याची थाप मारून तो लोकांकडून चेक मागवतो, आणि ते त्याला वटवता येत नाहीत! फसवणुकीत इतका निःस्वार्थीपणा आम्ही तरी दुसरीकडं पाहिलेला नाही. होड्या बांधणारा एक श्रीमंत गृहस्थ त्याला इटलीला पाठवतो. कशाला? तर तिथं जाऊन बसलेल्या आपल्या डिकी नावाच्या चिरंजीवांना समजावून परत आणायला. चिरंजीव नेपल्सच्या दक्षिणेला, माँजिबेलो नावाच्या समुद्रकाठच्या गावात चित्रं काढत असतात. वाईट काढत असतात, पण खाऊनपिऊन सुखी असल्यामुळं ते कुणी बोलून दाखवत नाही. टॉमला आधी डिकीचे कपडे आवडतात, मग अंगठ्या, मग अख्खं आयुष्यच. सान रेमोच्या समुद्रात तो डिकीला वल्ह्यानं मारतो आणि स्वतःच डिकी होऊन बसतो.

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर पोसलेला वाचक इथं जरा गोंधळतो. खुनी कोण हे उघड आहे. मग रहस्य कुठलं? बाईंची खरी करामत इथंच आहे. त्या खुन्याला आपल्यासारख्याच बारीकसारीक काळज्या लावून देतात. सही जुळेल ना? सामान कुठं ठेवू? दाराची घंटा कोणी वाजवली? थोड्या वेळानं ध्यानात येतं, की हा पकडला जाऊ नये म्हणून आपणच देव पाण्यात घालून बसलो आहोत. सज्जन माणसाला दोन-अडीचशे पानांत खुन्याच्या बाजूला आणून बसवणं सोपं नाही. बाईंनी रिप्लीवर पुढं आणखी चार कादंबऱ्या लिहिल्या, यावरून काय ते समजा. १९६० साली निघालेल्या फ्रेंच सिनेमावाल्यांना मात्र हे बघवलं नाही. त्यांनी शेवटच बदलून टाकला.

पण हे सारं जमतं कशाच्या जोरावर? ज्या पोलीस अधिकाऱ्यानं रोममध्ये टॉमला डिकी म्हणून पाहिलं, तोच त्याला व्हेनिसमध्ये टॉम म्हणून भेटतो आणि ओळखत नाही! डिकीच्या सामानावरचे बोटांचे ठसे डिकीचेच, असं पोलीस खुशाल धरून चालतात. ही योगायोगांची उधळपट्टी झाली. तरी ती खपते, कारण तिथले सगळेच पाहुणे. कोण कुणाचा, हे कुणी विचारतच नाही.

हाच रिप्ली चंद्रपूरच्या बसस्टँडवर उतरला असता, तर जटपुरा गेटपर्यंत पोचायच्या आत एखाद्या म्हातारबुवांनी हटकलं असतं, "कोनाचे पावने जी?" आडनाव सांगितलं, की मूलचे का वरोऱ्याचे? मूलचे म्हटलं, की ब्रह्मपुरीला दिलेली आत्या तुमचीच ना? तिसऱ्या प्रश्नाला रिप्लीनं घाम पुसत परतीचं तिकीट काढलं असतं. स्कॉटलंड यार्डला जे साधत नाही, ते आमच्याकडं चहाच्या टपरीवर साधतं.

खरं म्हणजे डिकीला ओळखणारी माणसं माँजिबेलोतही होतीच. त्याची स्वयंपाकीण होती, कोळी होते, पोस्टातला माणूस होता. पण सहलीच्या गावातल्या माणसांनी ताट वाढायचं आणि दिसेनासं व्हायचं, असा शिरस्ता. पुस्तक मिटल्यावर त्या गावातला एकही चेहरा डोळ्यापुढं राहत नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच.

आणि ती नुसती इटलीपुरती नाही. ताडोबाचं राष्ट्रीय उद्यानही १९५५ सालचंच. म्हणजे रिप्लीच्याच वयाचं. आता मोहर्लीकडं रिसॉर्टं उभी राहिली आहेत. टोप्या घातलेले, लांब नळ्यांचे कॅमेरे घेतलेले पाहुणे येतात. वाघिणीचं नाव, तिच्या आईचं नाव, बछड्यांची संख्या, सारं त्यांना पाठ. पहाटेपासून जिप्सी हाकणाऱ्याचं नाव मात्र कुणी विचारत नाही. त्याच जंगलात गावच्या बाया मोहफुलं वेचायला, तेंदूपानं तोडायला जातात. दरवर्षी त्यातली कुणी ना कुणी घरी परतत नाही. मग वाघाचा नंबर सगळ्यांच्या तोंडी होतो आणि बाईचं नाव तिच्या शिवेबाहेर जात नाही. इथं खुनी शोधायला गुप्तहेर नको. पण गेली ती कोणाची कोण, हे विचारायला तरी कुणी हवं की नको?

रिप्ली जरूर वाचा. उन्हाळ्यात तर वाचाच. इतकं गार रक्त कूलरनंही मिळत नाही. फक्त ताडोबाला आलात आणि जिप्सीवाल्यानं गाव, आडनाव, मामेकुळी विचारली, तर भोचक म्हणून नाक मुरडू नका. सगळं सांगा, आणि मग त्याचंही विचारा. जिथं कोणी हे विचारत नाही, तिथं रिप्लीचं चांगलं चालतं.