सांधा कुठं आहे?

सूर्यास्ताआधी जेवणं उरकली की आमच्या घरात संध्याकाळ लांबलचक उरते. परवा मुलानं ‘ग्रेटफुल डेड’ ह्या अमेरिकन बँडची एक मैफल धाडली. वर म्हणाला, “आई, काम करता करता ऐक. मागं वाजू दे.” तांदूळ निवडत ऐकली आणि कंटाळले. पंचवीस मिनिटं एकच दळण! दुसऱ्या दिवशी हात रिकामे ठेवून ऐकली, तेव्हा कळलं, कंटाळा गाण्यात नव्हता.

मैफल ८ मे १९७७ ची. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली. त्यात ‘स्कार्लेट बिगोनियाज’ संपत आलं असं वाटतं, पण संपत नाही. शब्द थांबतात. डॉना जीन गॉडशॉ नुसत्या आवाजानं वर तरंगत राहते. खाली फिल लेशचा बास आणि दोन ड्रमवाले हळूहळू चाल बदलतात, आणि आपण ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये पोचलेले असतो. कधी पोचलो? मी तीनदा मागं नेऊन ऐकलं. सांधा सापडला नाही.

हे दुसरं गाणं दोनच स्वरमेळांवर उभं आहे. ख्यालाची सवय असलेल्या कानाला ते थोडंसं वाटेल. पण ख्यालात बढत एका गळ्याची, बाकीचे साथीला. इथं जेरी गार्सियाची गिटार पुढं असली तरी साथ कोण नि मुख्य कोण, हे पक्कं ठरत नाही. कुणी पुढं झालं की दुसरा जागा करून देतो. एकत्र कुटुंबात राहिलेल्या बाईला ह्याची किंमत वेगळी सांगायला नको.

सगळंच थोर नाही. ‘डान्सिंग इन द स्ट्रीट’ डिस्कोच्या ठेक्यावर उगाच लांबतं. तिथं मी खुशाल तांदूळ निवडले असते. पण ‘मॉर्निंग ड्यू’ सोडू नका. हे गाणं मुळात कॅनडाच्या बॉनी डॉब्सनचं, अणुयुद्धानंतरच्या ओसाड जगाचं. गार्सिया ते कुजबुजल्यासारखं सुरू करतो आणि शेवटी शब्द टाकून देऊन गिटारीवरच आकांत करतो.

आता मला बोचलेली गोष्ट. ह्या मैफलीची स्तुती पुष्कळ झाली, ती मंचावरच्या पुरुषांची. पण प्रत्येक वाद्य असं सुटं, स्वच्छ कानी येतं ते बेटी कँटर-जॅक्सनमुळं. ध्वनिमुद्रण तिचं. गोदामाचं भाडं थकलं आणि तिच्या टेपा १९८६ साली लिलावात गेल्या. त्यातूनच ही मैफल २०१७ मध्ये रीतसर प्रकाशित झाली. त्या रात्री सगळ्यांत नीट ऐकणारी तीच असणार. ऐकणं हेही कामच आहे, फक्त ते कुणाला दिसत नाही.

मुलाला कळवलं, “ही मागं वाजू द्यायची गोष्ट नव्हे रे. बसून ऐक.”