दान आणि दाद

‘कलेसाठीं कला’ कीं ‘जीवनासाठीं कला’ हा वाद मराठी वाङ्मयांत एके काळीं फार गाजला. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांचीं नांवें त्या वादाशीं कायमचीं जोडलीं गेलीं, आणि दोहोंपैकीं एका पक्षाची बाजू घेतल्यावांचून साहित्याविषयीं बोलणेंच जणूं अशक्य होऊन बसलें. परंतु या वादांत दोन्ही पक्षांनीं एक गोष्ट न बोलतां गृहीत धरली होती. कलावंताच्या समोर रसिक आपण होऊन, सवड काढून आणि बहुधा पैसे मोजून येऊन बसलेला आहे, ही ती गोष्ट होय. हा रसिकच जर नाहींसा झाला, त्याच्या जागीं साडेआठची गाडी गांठण्याकरितां धांवणारा एखादा कारकून आला, आणि त्याच्या कानांवर अकस्मात् व्हायोलिनचे सूर पडूं लागले, तर कला कोणासाठीं या प्रश्नाचें उत्तर काय द्यावयाचें? त्यांतून वाजविणाऱ्याच्या पायांशीं एखाद्या रुग्णालयाच्या किंवा अनाथाश्रमाच्या नांवाची पेटी ठेवलेली असली म्हणजे हा प्रश्न अधिकच बिकट होतो.

हा प्रश्न काल्पनिक नाहीं. रेल्वेच्या स्थानकांत पूर्वसूचना न देतां गायन-वादन किंवा नृत्य सुरू करावयाचें, उतारूंना क्षणभर थांबवावयाचें, आणि कित्येकदां त्यांच्याकडून एखाद्या सत्कार्यासाठीं द्रव्यहि मिळवावयाचें, हा प्रकार गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगांतील अनेक शहरांत रूढ झाला आहे. मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर २७ नोव्हेंबर २०११ रोजीं सुमारें दोनशें तरुण-तरुणींनीं अचानक एकत्र येऊन केलेलें नृत्य वाचकांपैकीं अनेकांस स्मरत असेल. अशा कार्यक्रमांचीं चित्रणें मोबाइलवर घरोघर पाहिलीं जातात आणि पाहणाऱ्यांचे डोळे पाणावतात. तथापि त्यांचें कलादृष्ट्या मूल्यमापन करण्याचा प्रयत्न क्वचितच होतो. सत्कार्यासाठीं योजिलेल्या कलेची चिकित्सा करणें म्हणजे कांहीं तरी अभद्र बोलणें, अशी एक समजूत दिसते. ती समजूत बाजूस ठेवून तोच प्रयत्न येथें करावयाचा आहे.

आपल्या भाषेंत ‘दान’ आणि ‘दाद’ असे दोन शब्द आहेत. उच्चारानें ते जवळचे असले तरी अर्थानें पुष्कळ दूर आहेत. दान गरजेला मिळतें. दाद गुणाला मिळते. दान देतांना दृष्टि खालीं वळते, दाद देतांना ती वर जाते. हीं दोन्हीं एकाच वेळीं देतां येतात काय? आपल्या जुन्या लोकजीवनानें या प्रश्नाला होकारार्थी उत्तर दिलेलें होतें. वासुदेव पहांटे दारांत येऊन गात असे, तेव्हां त्याच्या झोळींत पडणाऱ्या पसाभर धान्यांत हीं दोन्हीं मिसळलेलीं असत. घरच्या गृहिणीस तो ओळखीचा असे, आणि दान पावल्याचा उच्चार तो गाण्यांतच करीत असे. त्यामुळें त्याला घेतांना लाज वाटत नसे आणि तिला देतांना ताठा येत नसे.

नाट्यगृहांतील धर्मार्थ प्रयोगांनीं हा प्रश्न वेगळ्या रीतीनें सोडविला. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनीं खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग केला. त्याचें उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाकडे जावयाचें होतें. फंडाला दान मिळालें. पण भामिनीच्या आणि धैर्यधराच्या पदांना मिळालेली दाद कांहीं फंडासाठीं नव्हती. प्रेक्षक दारांतच देशकार्याचें देणें देऊन मोकळा झाला, आणि आंत निखळ रसिक म्हणून बसला. तिकीट आधीं आणि गाणें मागून, या साध्या क्रमानें दोन्ही व्यवहार वेगळे राहिले. स्थानकांतील अकस्मात् मैफलींत नेमका हाच क्रम उलटतो. तेथें गाणें आधीं येतें आणि मागणी मागून. श्रोत्याची परीक्षा येथें आहे, तशी गाणाऱ्याचीहि आहे.

या परीक्षेचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दानाच्या हेतूनें घडलेलें नव्हतें. तरी त्याचा विचार केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. १२ जानेवारी २००७ रोजीं सकाळीं वॉशिंग्टन शहरांतील लाँफाँ प्लाझा या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत जोशुआ बेल हा जगद्विख्यात व्हायोलिनवादक साधे कपडे आणि टोपी घालून, पुढ्यांत वाद्याची उघडी पेटी ठेवून उभा राहिला. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्रानें मुद्दाम योजिलेला हा प्रयोग होता. हातांत स्ट्राडिव्हरीनें १७१३ सालीं घडविलेलें वाद्य, आणि आरंभ बाखच्या ‘शाकोन’नें! त्रेचाळीस मिनिटांत त्याच्या समोरून १,०९७ माणसें गेलीं. निदान एक मिनिट थांबून ऐकणारीं माणसें निघालीं अवघीं सात. पैसे टाकणारीं निघालीं सत्तावीस, आणि जमा झाले बत्तीस डॉलर नि कांहीं सेंट. त्याला ओळखणाऱ्या एका बाईनें दिलेले वीस डॉलर तेवढे यांत धरलेले नाहींत. तीनच दिवसांपूर्वीं बोस्टनमध्यें त्याच्या मैफलीची बरीशी जागा शंभर डॉलरला विकली गेली होती.

या आकड्यांवरून आधुनिक मनुष्य अरसिक झाला आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई अनेकांनीं केली. आम्हांस तो मान्य नाहीं. रसास्वादाच्या मार्गांत जीं सात विघ्नें अभिनवगुप्तानें सांगितलीं आहेत, त्यांत प्रेक्षकानें आपल्याच सुखदुःखांत गुरफटून असणें हें एक आहे. तें दूर व्हावें म्हणूनच वाद्यें, गायन आणि सुशोभित मंडप यांची योजना असते, असेंहि तो सांगतो. स्थानकांत मंडप नाहीं. उलट घड्याळ आहे. कचेरींत वेळेवर पोंचण्याच्या चिंतेंत असलेल्या माणसासमोर ‘शाकोन’सारखी रचना मांडणें, जिच्यांत एकाच लहानशा बीजाचा विस्तार पाव तासपर्यंत चढत जातो आणि जी मधूनच ऐकणाऱ्यास फारसें कांहीं देत नाहीं, हा त्या माणसावर आणि त्या रचनेवरहि अन्याय आहे. त्या प्रयोगांत खरोखर विचार करण्यासारखा आकडा निराळाच आहे. पैसे दिले सत्तावीस जणांनीं आणि थांबले सात जण. म्हणजे निदान वीस माणसांनीं धड न ऐकतां दिलें. त्यांनीं दान केलें; दाद दिली नाहीं. लहान मुलें मात्र थांबून पाहूं इच्छीत होतीं, आणि वडील माणसें त्यांना ओढून नेत होतीं.

पुढें ३० सप्टेंबर २०१४ रोजीं हाच वादक त्याच शहराच्या यूनियन स्टेशनांत, या वेळीं आधीं वर्दी देऊन, कांहीं तरुण विद्यार्थ्यांसह वाजवावयास उभा राहिला, तेव्हां श्रोत्यांची दाटी झाली. हात तोच होता. फरक पडला तो नांव कळल्यामुळें आणि सवड काढून आल्यामुळें. अचानकपणा गेला आणि रसिक परत आला.

तर मग अकस्मात् मैफल ही कलादृष्ट्या अशक्य कोटींतील गोष्ट आहे काय? तसें नाहीं. २ मे २०११ रोजीं कोपनहेगनच्या मुख्य स्थानकांत तेथील ‘कोपनहेगन फिल’ या वाद्यवृंदानें राव्हेलचा ‘बोलेरो’ वाजविला. १९२८ सालची ही रचना जणूं अशा जागेसाठींच निर्माण झाली असावी. एका ताशावर एकच ठेका अखंड चालू राहतो, एकच सुरावट एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जाते, आणि नाद हळूहळू वाढत जातो. कोणत्याहि क्षणीं येऊन उभा राहणारा मनुष्य त्यांत सामील होऊं शकतो. गर्दींतून एकेक वादक पुढें यावा आणि वाद्यांचा मेळा वाढत जावा, हें त्या रचनेच्या स्वभावांतच आहे. येथें स्थानक हें संगीताच्या वाटेंतील विघ्न न राहतां त्याचें अंग बनलें. उतारूंनीं दिली ती निखळ दाद होती. कारण दान तेथें कोणी मागितलेंच नव्हतें.

दानासाठीं सुरांचा उपयोग मुक्तिफौजेइतक्या पद्धतशीरपणें क्वचितच कोणीं केला असेल. १८७८ सालीं इंग्लंडांतील सॅल्सबरी गांवीं फ्राय नांवाचा एक बांधकामाचा धंदा करणारा गृहस्थ आणि त्याचे तीन मुलगे फौजेच्या रस्त्यांवरील सभांत पितळी वाद्यें वाजवूं लागले. तिच्या बँडचा उगम तो. १८८२ सालीं फौजेचे लोक मुंबईस उतरले तेव्हां रस्त्यांतून वाजतगाजत मिरवणूक काढल्यावरून पोलिसांनीं त्यांना पकडलेंहि होतें. १८९१ सालीं सॅन फ्रान्सिस्कोंत बोटीच्या धक्क्यावर, उतारूंच्या वाटेंतच, गोरगरिबांच्या नाताळच्या जेवणासाठीं पैसे जमविण्याकरितां एक मोठें पातेलें मांडण्यांत आलें, आणि तेव्हांपासून पातेलें व बँड हीं नाताळांतील ओळखीचीं दृश्यें झालीं. लंडनच्या मोठ्या स्थानकांतहि माजी सैनिकांच्या साहाय्यासाठीं पॉपीचीं लाल फुलें विकतांना लष्करी बँड वाजतात. या वादनाला आपली मर्यादा ठाऊक असते. सुरावटी छोट्या आणि परिचित असतात. चालतां चालतां ऐकल्या तरी अर्धवट वाटत नाहींत. पितळी वाद्यांचा नाद उंच छपराखालीं भरून राहतो. उणीव एवढीच कीं, पुष्कळदां सूर हे देवळाच्या घंटेप्रमाणें केवळ लक्ष वेधण्यापुरते उरतात. घंटेला कोणी दाद देत नाहीं.

आतां आपल्या दारांतील गायकांकडे वळणें प्राप्त आहे. मुंबईच्या लोकलमध्यें ढोलकीच्या साथीनें भजनें आणि चित्रपटांतील गीतें गाणारे अंध गायक कोणीं पाहिले नाहींत? त्यांच्या गाण्याला कायद्यानें काय म्हटलें आहे तें पाहण्यासारखें आहे. १९५९ सालच्या मुंबई भिक्षा-प्रतिबंधक कायद्यांत भीक मागण्याची जी व्याख्या केली आहे, तींत गाणें, नाचणें, भविष्य सांगणें, खेळ करणें अशा कोणत्याहि बहाण्यानें भिक्षा घेण्याचा समावेश होतो. हा कायदा दिल्लीसहि लागू होता. तेथील उच्च न्यायालयानें भिक्षेला गुन्हा ठरविणारीं त्याचीं कलमें २०१८ सालीं दिल्लीपुरतीं घटनाबाह्य ठरविलीं. १९८९ च्या रेल्वे कायद्याचें १४४ वें कलमहि गाडींत व स्थानकांत भीक मागण्याच्या आड येतें. याच लोकलमध्यें गेल्या दशकांत एका तरुणानें गिटार वाजवून कर्करोगानें पीडलेल्या रुग्णांसाठीं पैसे गोळा केले, आणि त्याचें सर्वत्र कौतुक झालें. तें योग्यच झालें. पण डबा तोच, उतारू तेच, गीतेंहि बहुधा त्याच जातीचीं. असें असतां एकाचें गाणें सेवा ठरतें आणि दुसऱ्याचें बहाणा ठरतें. एक दुसऱ्यासाठीं मागतो आणि दुसरा स्वतःच्या पोटासाठीं, हा भेद नीतीच्या दृष्टीनें कितीहि महत्त्वाचा असला तरी संगीताच्या दृष्टीनें तो शून्य आहे. परोपकारानें बेसूर गाणें सुरेल होत नाहीं, आणि भुकेनें सुरेल गाणें बेसूर होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, रुग्णाला औषध मिळालें म्हणजे झालें; गाणें कसें होतें याची चिकित्सा कशाला? हा आक्षेप वरवर पाहतां फार उदार वाटतो. परंतु तो मान्य केला तर त्याचा अर्थ असा होतो कीं, गाणें हें केवळ निमित्त होतें. मग कायद्यानें अंध गायकाच्या गाण्याला जो ‘बहाणा’ हा शब्द लावला, तोच या प्रतिष्ठित मैफलींनाहि लावावा लागेल. त्या शब्दापासून त्यांना वाचविणारी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे त्यांचें गाणें मनापासून, जागा ओळखून आणि श्रोत्याचा मान राखून केलेलें असणें. ही कसोटी लावली म्हणजे कित्येक गाजलेल्या मैफली उतरतात, आणि लोकलमधील एखादा अनाम आवाज कसास लागतो.

श्रोत्याचा मान राखणें याचा अर्थहि स्पष्ट केला पाहिजे. फलाटावरील मनुष्य निघून जाऊं शकतो. धांवत्या डब्यांतील मनुष्य तसें करूं शकत नाहीं. म्हणून फलाट ही डब्यापेक्षां अधिक न्याय्य रंगभूमि होय. निघून जाण्याची मोकळीक असतांना जो थांबतो त्याच्याच थांबण्याला किंमत आहे. त्याचप्रमाणें, ज्या मैफलींत उतारूचा विस्मित चेहरा टिपण्यासाठीं चारी बाजूंनीं कॅमेरे लावलेले असतात, तेथें तो श्रोता राहत नाहीं. दुसऱ्याच्या चित्रपटांतील बिनपगारी नट होतो. त्याच्या विस्मयावर त्याचाच हक्क असावयास हवा.

जे लोक अशा मैफली योजितात त्यांनीं निदान इतकें करावें. रचना जागेला साजेशी निवडावी; वाट मोकळी ठेवावी; पेटी गाणें संपल्यावर पुढें करावी; आणि किती रक्कम जमली व ती कोणास पोंचली हें पुढें त्याच स्थानकांत फळ्यावर लिहून लावावें. आणि उतारूंनीं काय करावें? सर्वांना थांबणें शक्य नाहीं, आणि न थांबणाऱ्यास दोष देण्याचें कारण नाहीं. पण ज्याला द्यावयाचें आहे त्यानें नाणें टाकण्यापूर्वीं एक कडवें पुरतें ऐकावें. मग समोर नामांकित वादक असो कीं ढोलकीवाला. गाणें चांगलें झालें असेल तर तसें मोठ्यानें म्हणावें. ज्या गायकाला समोरच्याचा चेहरा दिसत नाहीं त्याला नाण्याचा आवाज रोजच ऐकूं येतो. हा दुसरा शब्द त्याच्या वांट्यास फार क्वचित् येतो.