फ्रेडी कुठला? गायकाचं कूळ आणि पुराव्याचं मूळ



नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. गायकाचं कूळ मात्र सगळे शोधतात. आजचं व्याख्यान अशाच एका गायकाच्या कुळाविषयी आहे. आणि ते शोधताना आपण पुराव्याशी किती सैलपणे वागतो, याविषयीही आहे.

गायक तुम्हाला ठाऊक आहे. क्वीन या ब्रिटिश बँडचा फ्रेडी मर्क्युरी. तो मुळात भारतीय, असं आपण सांगतो. इराणी चाहते त्याला इराणी म्हणतात. झांझिबारमध्ये त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. लंडनमधल्या फेल्टममध्ये त्याच्या कुटुंबाच्या घरावर 2016 पासून स्मरणाची निळी पाटी आहे. चार दावेदार, माणूस एक. साहजिकच वाटतं की तिघे तरी खोटं बोलत असावेत. आमचं म्हणणं वेगळं आहे. इथे खोटं फारसं कोणी बोलत नाही. प्रश्नच चुकीचा विचारला जातोय.

‘तो कुठला?’ हा एक प्रश्न नाही, त्यात पाच प्रश्न एकत्र बांधलेत. जन्म कुठे झाला? आईवडील कोण, कुठून आलेले? कोणत्या राज्याने त्याला नागरिक मानलं? वाढला कुठे? आणि तो स्वतःला काय म्हणवत होता? या प्रत्येकाचा पुरावा वेगळा. जन्माला नोंदवही लागते, नागरिकत्वाला सरकारी दफ्तर, वाढीला शाळेची हजेरी आणि वर्गमित्रांच्या आठवणी. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यात टाकला की वाद सुरू होतो, आणि मग तो संपत नाही.

आता फ्रेडीचं एकेक खातं उघडू. जन्म 5 सप्टेंबर 1946, झांझिबार, नाव फारोख बलसारा. झांझिबारवर तेव्हा सुलतान होता आणि त्याच्या डोक्यावर ब्रिटिश संरक्षण. वडील बोमी तिथल्या न्यायालयात रोखपाल, आई जेर. दोघे गुजरातकडचे पारशी. बलसारा हे आडनाव बलसारचं, म्हणजे आजच्या वलसाडचं. आठेक वर्षांचा असताना मुलाला आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. फारोखचा फ्रेडी तिथे झाला, आणि हेक्टिक्स हा त्याचा पहिला बँडही तिथलाच. 1964 च्या जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती झाली, आणि त्याच वर्षी कुटुंब इंग्लंडला गेलं. 2 जून 1969 रोजी ब्रिटिश नागरिक म्हणून त्याची नोंदणी झाली. 1991 मध्ये तो वारला, तेव्हा अंत्यविधी जरथुश्ती पद्धतीने झाले.

पाहा, यातल्या कुठल्याच दोन गोष्टींत भांडण नाही. भांडण आपण लावतो. वर्तमानपत्रात मथळा येतो की जगातला पहिला मोठा रॉकस्टार भारतीय होता. यात पुरावा वंशाचा आणि शाळेचा. निष्कर्ष मात्र राष्ट्राचा. इराणचंही तसंच. 2004 मध्ये तिथे क्वीनच्या गाण्यांचा संग्रह अधिकृतपणे विक्रीला आला, आणि त्या वेळी फ्रेडीच्या इराणी पूर्वजांची आठवण काढली गेली. पारशांचे पूर्वज इराणहून आले, हे खरंच आहे. पण ते हजारेक वर्षांपूर्वी. त्यांच्या संजाणला उतरण्याची कथा ज्या फारसी काव्यात आहे ते रचलं गेलं 1600 च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी. एखादा समाज आपलं मूळ कसं आठवतो, याचा तो उत्तम पुरावा आहे. एका गायकाच्या राष्ट्रीयत्वाचा नाही.

उलटही घडतं. 2006 मध्ये झांझिबारमध्ये त्याच्या साठाव्या जयंतीचा कार्यक्रम ठरला होता. एका धार्मिक गटाने त्याच्या समलैंगिकतेवर बोट ठेवून विरोध केला आणि कार्यक्रम रद्द झाला. जन्माची नोंद कोणी खोटी म्हटली नव्हती. नाकारलं होतं ते नातं. म्हणजे जन्मस्थळाच्या नावाने चाललेली चर्चा पुष्कळदा ‘हा आपला का?’ अशी असते. तिचा निकाल कुठलंही दफ्तर देऊ शकत नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? गायकालाच विचारा की. इथे आपले नैयायिक कामाला येतात. शब्द हे प्रमाण आहे, पण कोणाचा शब्द? आप्ताचा. आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट नीट ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. दोन्ही अटी हव्यात. आता गंमत बघा, स्वतःचा जन्म कोणाला प्रत्यक्ष आठवतो? तुमचं जन्मगाव, तुमचे वडील, हे सगळं तुम्हालाही ऐकूनच ठाऊक आहे. म्हणून गायकाची मुलाखत हा त्याच्या जन्माचा साक्षीपुरावा नव्हे. ती फार तर ऐकीव माहिती, आणि त्यात प्रसिद्धी सांभाळणाऱ्यांचा हात असेल तर तेवढीही नाही.

याचं उदाहरण फ्रेडीच्या अगदी उलट टोकाला आहे. 1949 च्या सुमारास अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या टेलिव्हिजनवर, कोर्ला पंडित नावाचा एक ऑर्गनवादक लोकप्रिय झाला. डोक्यावर फेटा, फेट्यावर रत्न, आणि कार्यक्रमात एक शब्द बोलायचा नाही. ओळख अशी की जन्म नवी दिल्लीचा, वडील ब्राह्मण, आई फ्रेंच गायिका. आपल्या कानाला लगेच खटकतं. कोर्ला हे कुठलं नाव? आणि जन्म 1921 चा असेल तर नवी दिल्ली कुठली? तिचं उद्घाटन 1931 चं. अर्थात एवढ्यावर निकाल देता येत नाही, लोक बोलण्यात सैल असतात. ही शंकेची कारणं झाली. 1998 मध्ये तो वारला. 2001 मध्ये आर. जे. स्मिथ या पत्रकाराने मासिकात लेख लिहून उलगडा केला. तो जॉन रोलंड रेड होता, मिझुरी राज्यातला कृष्णवर्णीय अमेरिकन.

सत्यशोधन इथे पूर्ण झालं का? आमच्या मते अर्धंच. लॉस एंजेलिसमध्ये वादकांच्या संघटना 1953 पर्यंत गोऱ्यांची वेगळी आणि काळ्यांची वेगळी अशा होत्या. पंडित होण्याआधी हाच माणूस हुआन रोलांडो हे मेक्सिकन वाटणारं नाव लावून वाजवत असे. त्याने खोटं सांगितलं, हे खरं. ज्या दारातून खरं सांगून आत जाता येत नव्हतं त्या दारात त्याला ते सांगावं लागलं, हेही तितकंच खरं. नुसतं ‘पकडला!’ म्हणणारा पडताळा पुराव्याचं पहिलं पान वाचून थांबतो.

हे सगळं दूरच्या देशांचं वाटेल, पण आपल्याला ते परकं नाही. आपल्याकडे ‘मूळ गाव कोणतं?’, ‘आडनाव काय म्हणालात?’ हे प्रश्न कशासाठी विचारले जातात, हे तुम्हाआम्हाला चांगलं ठाऊक आहे. गाव हे निमित्त असतं, हवी असते जात. छांदोग्य उपनिषदात सत्यकामाला गोत्र विचारलं गेलं. आईने सांगितलेलं त्याने जसंच्या तसं सांगितलं, की गोत्र कोणतं ते ठाऊक नाही. गुरूने त्याला ठेवून घेतलं. ही कथा आपण कौतुकाने सांगतो. पण तिथेही शिष्याला आधी गोत्र विचारलंच गेलं होतं, हे सोयीस्करपणे विसरतो.

तेव्हा आमची कसोटी अशी. एखाद्याने आपलं मूळ सांगून पुरस्कार, राखीव जागा किंवा एखाद्या समाजाच्या वतीने बोलण्याचा हक्क घेतला असेल, तर दावा तपासा, आणि कागद मागा. कारण तिथे दुसऱ्याचा वाटा जात असतो. पण जो नुसता गातोय, ज्याने मूळ कधी विकलं नाही, उलट झाकून ठेवलं, त्याच्या दारात पंचनामा करायला जाण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? फ्रेडी बालपणाविषयी जाहीरपणे फारसं बोलत नसे. ती गप्पता कशामुळे होती, हे ठरवणारा कागद नाही. म्हणून तिला लाज म्हणू नये, आणि तिच्यावर आपला अभिमानही चिकटवू नये.

पाचगणीला जाल तेव्हा शाळा जरूर पाहा. एक मुलगा इथे शिकला, पियानो वाजवत होता, एवढं निर्विवाद आहे. आणि एवढं पुरेसं आहे. त्याच्या पुढचं ‘आमचा’ हे मात्र पुराव्याने मिळत नाही. ते त्याची गाणी ऐकून, त्याच्यासकट सगळं स्वीकारून मिळवावं लागतं.