‘बंगालची हाक’ : अस्मानी, सुलतानी आणि पोवाडा

अण्णाभाऊ साठे यांच्या शाहिरीचा विचार मराठी समीक्षेत बहुधा दोन टोकांनी झालेला आहे. एका टोकाला संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील ‘माझी मैना’, दुसऱ्या टोकाला स्टालिनग्राडचा पोवाडा. यांच्या मध्ये ‘बंगालची हाक’ हा पोवाडा येतो, आणि वाङ्मयेतिहासात त्याचे नाव नोंदवून पुढे जाण्याचा प्रघात पडला आहे. दूरच्या प्रांतातील आपत्तिग्रस्तांसाठी रचलेले हे गीत तौलनिक दृष्टीने मात्र शाहिराच्या इतर कोणत्याही रचनेपेक्षा अधिक अडचणीचे आणि म्हणूनच अधिक मोलाचे आहे.

अडचण प्रथमतः प्रकाराची आहे. पोवाडा हा पराक्रमाचा प्रकार. अज्ञानदासाच्या अफजलखानवधापासून त्याला नायक लागतो, शत्रू लागतो आणि प्रसंग लागतो. पानिपतावरील पोवाड्यांत पराभव आहे, पण पराभूतही तेथे लढून पडलेले आहेत. महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांचा पवाडा रचला, त्याच वर्षी शिक्षणखात्यातील पंतोजींवरही पवाडा रचला आणि या प्रकाराला सामाजिक आरोपपत्राचे वळण दिले. तरी तेथेही आरोपी समोर उभा होता. भुकेने मेलेल्या माणसाचे काय करावयाचे? तो लढत नाही. तो रस्त्याच्या कडेला बसतो आणि उठत नाही. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये असे किती जण गेले याचा सरकारी चौकशी आयोगाचा आकडा सुमारे १५ लाख होता. अमर्त्य सेन यांनी तो ३० लाखांच्या घरात नेला. एवढ्या मृत्यूंत पोवाड्याला हवा तसा एकही ‘प्रसंग’ सापडत नाही.

शीर्षकातच या अडचणीवरचा तोडगा आहे. ‘हाक’ हा शब्द ‘वर्णन’ नव्हे, ‘शोककथा’ही नव्हे. मराठीत हाकेला ओ द्यावी लागते. न दिली तर तो ऐकणाऱ्याचा दोष ठरतो. त्यामुळे पोवाड्यातील नायकाची रिकामी जागा हाक ऐकणाऱ्याकडे, म्हणजे श्रोत्याकडे सरकते. डफ-तुणतुण्याच्या साथीत झीलकऱ्यांनी धरलेला ‘जी जी’चा सूर एरवी शाहिराच्या कथनाला दुजोरा देतो. हाकेच्या पोवाड्यात मात्र तो जमावाची ओ होऊन बसतो. हे केवळ संहिता वाचून कळणार नाही. पोवाड्याचा अर्थ प्रयोगात पुरा होतो, आणि छापील पानावरून त्याला ‘प्रचारकी’ ठरविणारी समीक्षा ज्या अर्ध्या भागाला हातच लावीत नाही तो हाच आहे.

ऐकणारे कोण होते, हेही पाहावयास हवे. वाटेगावहून मुंबईस आलेला, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला, गिरणीत राबलेला हा शाहीर १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे करतो तेव्हा मुंबईत नुकतेच रेशनिंग सुरू झालेले होते. कामगार स्वतःच धान्याच्या रांगेत उभा होता. म्हणून ही पोटभरल्यांनी उपाशांविषयी बाळगलेली करुणा नाही. अर्धपोटी माणसाने उपाशी माणसाकडे पाहणे येथे आहे, आणि मराठी मध्यमवर्गीय कवितेत त्याला समांतर असे काही सहजी सापडत नाही. मर्ढेकरांची ‘कांही कविता’ १९४७ ची; शहर तेच, दशकही तेच. पण तेथे महानगरातील जगणे एकट्याच्या जाणिवेतून जाते, येथे ते फडातल्या सामूहिक आवाजात उतरते. दोहोंना नवतेच्या एकाच इतिहासात ठेवावयास आपण अद्याप तयार नाही, ही उणीव इतिहासलेखनाची मानावी लागेल.

‘हाक’ एकटी नव्हती. मे १९४३ मध्ये मुंबईत इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन म्हणजे इप्टाची स्थापना झाली. बिनय राय यांचे बंगाली पथक गाणी गात, मदतनिधी गोळा करीत प्रांतोप्रांत हिंडले. वामिक जौनपुरींनी भुकेल्या बंगालवर उर्दूत गीत लिहिले, ज्योतिरिंद्र मैत्र यांनी ‘नवजीवनेर गान’ रचले, आणि बिजन भट्टाचार्यांचे ‘नवान्न’ १९४४ मध्ये कोलकात्यात रंगमंचावर आले. चित्तप्रसादांनी मेदिनीपुरात फिरून काढलेल्या रेखाटनांचे ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक सरकारने जप्त करून जाळले. सुनील जाना यांची छायाचित्रे पक्षाच्या मुंबईहून निघणाऱ्या साप्ताहिकात येत होती. गीत, चित्र, छायाचित्र, नाटक आणि १९४६ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘धरती के लाल’ हा चित्रपट, अशी ही अनेक माध्यमांची साखळी होती. आज ‘बहुमाध्यमी कलावंत’ या नावाने जे ओळखले जाते ते त्या काळी एका चळवळीच्या रोजच्या कामाचा भाग होते, आणि पोवाडा, लावणी, लोकनाट्य, कथा, कादंबरी असा वावर असलेले अण्णाभाऊ त्यात उपरे नव्हते.

या साखळीत भाषांतराचा एक नाजूक प्रश्न दडलेला आहे. कोलकात्याच्या दारोदारी भुकेलेले लोक ‘फॅन’ मागत होते. म्हणजे भात नव्हे, भात शिजल्यावर गाळून टाकलेले पाणी. बंगाली श्रोत्याला या एका शब्दात सारी विटंबना ऐकू येते. गिरणगावात कोकणातल्या माणसाला पेज ठाऊक, पण पेज हे हक्काचे अन्न आहे, टाकून दिलेले पाणी नव्हे. घाटावरच्या भाकरी खाणाऱ्याला तर तेवढाही आधार नाही. तेव्हा मराठी हाकेला बंगालची भूक शब्दशः आणता येत नव्हती. ती आपल्या श्रोत्यांच्या भुकेतून नव्याने घडविणे भाग होते. तौलनिक अभ्यासकाने दोन संहितांतील साम्ये मोजण्याऐवजी हा बदल तपासावा.

या गीतांच्या मर्यादेविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. मराठीत आपत्तीचे ‘अस्मानी’ आणि ‘सुलतानी’ असे दोन भाग करण्याची जुनी रीत आहे. १६३० च्या दुष्काळाने तुकोबांचा संसार मोडला, त्या काळापासून ही जोडी लोकांच्या बोलण्यात आहे. १९४३ चा दुष्काळ बव्हंशी सुलतानी होता. ऑक्टोबर १९४२ चे मेदिनीपूरचे चक्रीवादळ खरे, पण ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद होणे, जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून किनाऱ्यावरील होड्या आणि धान्य सरकारने काढून घेणे, युद्धखर्चाने भडकलेल्या किमती, प्रांतांनी एकमेकांचे धान्य अडविणे ही कारणे माणसांनी घडविलेली होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गांधीनगरच्या आय. आय. टी.तील संशोधकांच्या अभ्यासाने तर त्या वर्षी जमिनीतील ओलाव्याचा दुष्काळ नव्हताच, असे दाखविले. परंतु सोव्हिएट युनियन युद्धात उतरल्यानंतर कम्युनिस्ट पक्षाने युद्धाला ‘लोकयुद्ध’ मानले होते. परिणामी त्या आघाडीच्या भूक-गीतांचा रोख मुख्यतः साठेबाज, काळाबाजारवाले यांच्याकडे राहिला; युद्धधोरण आखणाऱ्या साम्राज्यसत्तेकडे तितक्या थेटपणे वळला नाही. सुलतानीतला सुलतान निम्माच दिसला. ही चूक एकट्या शाहिराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, पण ती त्या वाङ्मयाच्या खात्यावर मांडावी लागते.

‘धरती के लाल’चे संगीत रविशंकरांचे होते. पंचवीस वर्षांनी, १ ऑगस्ट १९७१ रोजी, जॉर्ज हॅरिसनसह न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पूर्व बंगालच्या निर्वासितांसाठी त्यांनी मैफल केली. आपत्तीसाठी गाण्याच्या आजच्या जागतिक प्रथेचा उगम तेथे दाखविला जातो, पण त्याच कलावंताने आरंभीच्या काळात इप्टाच्या कामात भाग घेतला होता, याचा विसर पडतो. फरक अर्थात मोठा आहे. तेथे श्रोता तिकीट काढून येतो, आणि ज्यांच्यासाठी गाणे आहे ते दुसऱ्या खंडात असतात. येथे श्रोता शाहिराच्या शेजारच्या चाळीतला असतो.

अण्णाभाऊंच्या पुढील लेखनात ही हाक विरत नाही. ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा खाणीचे काम बंद पडल्यावर प्रेतांच्या राखेत सोने शोधतो; तेथे भूक मेलेल्यांवर जगावयास लावते. ‘फकिरा’मध्ये (१९५९) उपासमारीने मरणारी वस्ती पाहून नायक कोणाच्या दारात उभा राहत नाही. धान्याने भरलेला वाडा लुटतो आणि ते धान्य लोकांत वाटतो. १९४४ च्या पोवाड्यात ज्या नायकाची जागा रिकामी होती, तो कादंबरीत सापडला. मात्र त्याला शोधण्यासाठी लेखकाला बंगाल सोडून वारणेच्या खोऱ्यात, आपल्याच माणसांत परतावे लागले. तेथे धान्य कोठे आहे आणि ते कोणी कोंडून ठेवले आहे, हे त्याला विचारावे लागत नव्हते.