कोठडीचा उंबरठा

कॅथलिक घरात वाढलेल्या मुलांना दयेची सात कृत्ये पाठ असतात. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट आणि मृताचे दफन. पहिली सहा मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातली, सातवे परंपरेने जोडलेले. या यादीत मनात दया येण्याचा उल्लेखही नाही, सगळी कामे हातापायांची आहेत, म्हणून मला ती आवडते. अंधेरी-बोरिवलीच्या धर्मग्रामांत तिच्यातली बरीच कामे नेमाने होतात. १८३३मध्ये पॅरिसला सुरू झालेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद गरजू घरी जातात, शिधा पोचवतात. आजाऱ्यांकडे कम्युनियन नेले जाते. मयताला शेजारपाजार जमतो. सहाव्या कृत्याशी मात्र बहुतेकांचे पाय थबकतात. तुरुंग लांब असतो, आणि आतल्या माणसाने 'काहीतरी केलेच असेल' अशी शंका त्याहून लांबची वाट अडवते.

या सहाव्या कृत्यासंबंधीचे दोन मजकूर शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिला पोप फ्रान्सिस यांचा. ९ मे २०२४ रोजी त्यांनी २०२५च्या ज्युबिली वर्षासाठी 'स्पेस नॉन कॉन्फुंदित' हे फर्मान काढले. आशा निराश करत नाही, असा या शीर्षकाचा अर्थ. कैदी, आजारी, तरुण, स्थलांतरित, वृद्ध, गरीब अशा एकेका गटाला आशेची खूण मिळावी, असे ते म्हणत जाते. खरे सांगायचे तर यातला काही भाग परिपत्रकासारखा वाचला जातो. प्रत्येकाच्या वाट्याला एक परिच्छेद आणि एक सदिच्छा. कैद्यांपाशी आल्यावर मात्र भाषा बदलते. इथे फ्रान्सिस थेट सरकारांना सजामाफीचा विचार करायला सांगतात, फाशीची शिक्षा रद्द करण्याची मागणी करतात आणि एका तुरुंगात पवित्र द्वार उघडण्याची इच्छा व्यक्त करतात. २६ डिसेंबर २०२४ रोजी त्यांनी रोमच्या रेबिबिया तुरुंगात ते उघडलेही. त्याआधी २०१५मध्ये, दयेच्या वर्षाच्या तोंडावर लिहिलेल्या पत्रात तर ते आणखी पुढे गेले होते. कैदी आपल्या कोठडीचा उंबरठा ओलांडेल तेव्हा ते पवित्र द्वारातून जाणेच समजावे, असे त्यांनी लिहिले होते.

कल्पना विलक्षण आहे. तरीही या सगळ्या मजकुरात कैदी बहुतांशी घेणाराच राहतो. पोप येतात, सरकार माफ करते, आपण भेटायला जातो. मराठीत तर 'दया' या शब्दालाच पायऱ्या आहेत. आपण दुसऱ्याच्या दयेवर जगतो, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज करतो. देणारा वर, घेणारा खाली. तुकोबांनी साधूची ओळख सांगताना पीडितांना आपले म्हणण्यावर भर दिला, तो या पायऱ्या मोडण्यासाठीच असावा.

दुसरा मजकूर या पायऱ्या सहज मोडतो. फादर स्टॅन स्वामी यांना एल्गार परिषद प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीहून अटक झाली. माओवाद्यांशी संबंधाचा आरोप त्यांनी नाकारला होता. वय ८३, पार्किन्सनमुळे हातात पेला ठरत नसे. स्ट्रॉ आणि सिपरसाठी त्यांनी न्यायालयात अर्ज केला, तेव्हा तपास यंत्रणेने उत्तरासाठी २० दिवस मागून घेतले. त्याच सुमारास तळोजा तुरुंगातून त्यांनी मित्रांना एक छोटे पत्र लिहिले. त्यात ते सांगतात की, दिवसा कोठड्या उघडल्या की सहआरोपींची भेट होते. अरुण फरेरा त्यांना नाश्ता-जेवणाला मदत करतात, व्हर्नन गोन्साल्विस अंघोळीला. कोठडीतले दोघे साथीदार रात्रीच्या जेवणाला मदत करतात, कपडे धुतात, गुडघे चोळून देतात. हे दोघे फार गरीब घरचे आहेत. शेवटी स्वामी मित्रांना विनंती करतात ती या सगळ्यांसाठी प्रार्थना करण्याची.

पत्रात उपदेश नाही, विशेषणे जवळजवळ नाहीत. कोण काय करतो याची ती नोंद आहे, आणि म्हणूनच ती दयेच्या कृत्यांची यादी होते. भुकेल्याला भरवणारा, आजाऱ्याला जपणारा, दोघेही इथे कैदीच. व्हर्नन हे अंधेरीचे. उपनगरातल्या आपल्यासारख्यांनी जे काम तुरुंगाबाहेरून करायचे, ते त्यांनी आत राहून केले. फ्रान्सिस यांचा उंबरठा इथे रोज ओलांडला जात होता, एका म्हाताऱ्याला अंघोळ घालायला.

पण हे पत्र एकटे वाचण्यात धोका आहे. ते संतचरित्रातल्या पानासारखे फिरते, आणि मग तुरुंगातही माणुसकी फुलते या समाधानात सिपर विसरला जातो. म्हणून ते २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आय ॲम नॉट अ सायलेंट स्पेक्टेटर' या त्यांच्या पुस्तकाबरोबर वाचावे. अटकेच्या कितीतरी आधी स्वामी झारखंडच्या तुरुंगांतल्या कच्च्या आदिवासी कैद्यांचा अभ्यास करत होते, त्यांच्यासाठी उच्च न्यायालयात गेले होते. पाणी पिण्याची सोय हा कैद्याचा हक्क आहे. तिला दया म्हटले की सरकार सुटते. मात्र हक्काचा निकाल लागेपर्यंत कोणीतरी पेला तोंडाशी धरावा लागतो. पत्र आणि पुस्तक मिळून ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या आयुष्यात दाखवतात. त्यांची आशा सुटकेच्या भरवशावर उभी नव्हती. सुटका झालीही नाही. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते गेले, जामिनाची सुनावणी त्याच दिवशी होती. दुसऱ्या दिवशी सेंट पीटर्स चर्चमध्ये मिस्सा झाला. कोविडमुळे आत मोजकी माणसे होती, बाकीच्यांनी तो पडद्यावर पाहिला.

भारतातल्या दर चार कैद्यांपैकी साधारण तीन कच्चे कैदी आहेत. त्यातल्या अनेकांना जामीन मंजूर होऊनही बाहेर येता येत नाही, कारण त्यांच्यासाठी जामीनदार उभा राहत नाही. पगाराची स्लिप, रेशनकार्ड, घराचे कागद, हे सगळे बोरिवली-मुलुंडच्या नोकरदार कॅथलिकाच्या कपाटात असते. अनोळखी माणसाला जामीन राहणे जोखमीचे आहे. वकिलाला विचारून, चार घरांनी मिळून ते करावे लागेल. सहावे कृत्य आज आपल्याकडून बहुधा हेच मागते. शिध्याच्या पिशवीपेक्षा ते अवघड आहे, कारण त्यात माणूस परत येईल यावर आपले काहीतरी लावावे लागते.