पाऊण डॉलरचा हिशेब आणि कोकिळेचे अंडे

घरी बसून प्रयोगशाळेच्या संगणकावरील फाइल उघडायची, तर आज आम्हाला आधी परवलीचा शब्द द्यावा लागतो, मग मोबाइलवर आलेला आकडा. त्यानंतरही सारी माहिती सांकेतिक रूपातच ये-जा करते. 'एवढी कुलपे कशाला?' असे कुरकुरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती आम्ही एक जुने पुस्तक ठेवतो : क्लिफर्ड स्टोल यांचे, १९८९ साली प्रसिद्ध झालेले 'द कुकूज एग'.

स्टोल मुळात खगोलशास्त्रज्ञ. संशोधनाचा निधी संपला म्हणून ते अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संगणक विभागात आले. ऑगस्ट १९८६ मध्ये संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटांची तफावत निघाली आणि ती शोधता शोधता दूरवरून तारेवाटे आत शिरणारा एक घुसखोर सापडला. पुस्तकाचे नाव त्याच्या युक्तीवरून आले आहे. हा संगणक दर पाच मिनिटांनी एक ठरावीक प्रोग्राम आपणहून चालवीत असे. एका दुसऱ्या प्रोग्राममधील त्रुटीचा फायदा घेऊन घुसखोराने त्या जागी स्वतःचा प्रोग्राम ठेवला. संगणकाने तो आपलाच समजून सर्वाधिकारांनिशी चालवला. कावळीने कोकिळेचे अंडे उबवावे, तसेच हे!

शिक्षकांच्या दृष्टीने पुस्तकाचे खरे मोल आहे ते शोधाच्या पद्धतीत. नोबेल पारितोषिक विजेते लुई अल्वारेझ यांनी स्टोलना सल्ला दिला, की याकडे संशोधन म्हणून पाहा. मग रोजच्या नोंदी, मोजमाप, अंदाज आणि पडताळा. घुसखोर किती दूर आहे हे काढण्यासाठी त्यांनी संदेश जाऊन पोच परत येण्याचा वेळ मोजला. तो सुमारे ३ सेकंद भरला. प्रकाशाच्या वेगाने हिशेब केला, तर अंतर येते साडेचार लाख किलोमीटर, म्हणजे घुसखोर चंद्राच्याही पलीकडचा! उघडच, वेळ अंतरापेक्षा वाटेतल्या यंत्रांत अधिक जात होता. मग ठाऊक असलेल्या अंतरांशी तुलना करून अंदाज सुधारावा लागला. मापन आणि त्यामागचे गृहीतक यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला आढळलेले नाही.

माग लागला तो जर्मनीतील हॅनोव्हर शहरात. खोट्या सरकारी फाइलींचे आमिष दाखवून घुसखोराला तारेवर पुरेसा वेळ अडकवून ठेवले, तेव्हा हे साधले. मार्कुस हेस आणि त्याचे साथीदार मिळालेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकत होते. १९९० साली त्यांना शिक्षा झाली, तीही सौम्य.

पुस्तकात उणिवा आहेत. ओले बूट मायक्रोवेव्ह भट्टीत वाळवण्यासारखे घरगुती किस्से जागोजागी येतात. पहिले दोन गमतीचे वाटतात, पुढचे आम्ही चाळले. हेस कोण, कसा, हे शेवटपर्यंत धूसरच राहते. आमची मुख्य तक्रार मात्र वेगळी आहे. घुसखोराने सुमारे ४५० संगणकांची दारे ठोठावली आणि त्यांतली तीसहून अधिक उघडली. बऱ्याच ठिकाणी कारखान्यातून आलेले परवलीचे शब्दच तसेच ठेवलेले होते. स्टोल हे सांगतात, चिडतातही. पण पाठलागाची गोडी अशी, की वाचकाला चोर लक्षात राहतो आणि उघडे दार विसरते. आम्ही पूर्वी काम करीत असलेल्या एका प्रयोगशाळेत सामायिक परवलीचा शब्द पडद्याच्या कडेला चिकटवलेला असे. पुस्तक वाचून झाल्यावरही आम्ही तो कित्येक महिने काढला नाही.

शास्त्रज्ञांचे जाळे परस्परविश्वासावर उभे आहे, एकाने तो मोडला की सगळेच दारे लावून घेतील, ही स्टोल यांची भीती आम्हाला पटते. परदेशी सहकाऱ्याला एखादी आकडेवारी पाहू द्यायची तर आज परवानगीला दिवस लागतात. या किमतीची मोजदाद पुस्तकात अपुरी आहे, पण १९८९ साली ती कोण करू शकले असते?

इंग्रजी सोपे आहे, दहावीच्या पुढच्या विद्यार्थ्यांना झेपेल. चंद्राच्या हिशेबाचे प्रकरण वर्गात वाचावे, पण उत्तर आधी मुलांनाच काढू द्यावे.