घरातली साक्ष

मराठीत आत्मचरित्रे पुष्कळ झाली. पण घरातल्या चार माणसांना एकत्र बसवून मोठ्याने वाचून दाखवावीत अशी फार थोडी. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ त्या थोड्यांत पहिली. 1934 सालापासून चार भागांत हे पुस्तक बाहेर पडले. त्याला आता नव्वद वर्षे होऊन गेली. 2017 साली शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेले. पण त्याचा टवटवीतपणा काही कमी झालेला नाही. कोठलेही पान उघडावे आणि हसू लागावे. बाजारासाठी नेलेले पैसे वाटेतच कुणाला तरी देऊन टाकणारे टिळक, मनात आले की न सांगता घरातून नाहीसे होणारे टिळक, आणि त्यांच्यामागे संसार ओढताना कपाळाला हात लावून स्वतःच हसणाऱ्या लक्ष्मीबाई! दिवाळीच्या दिवसांत, फराळाची ताटे बाजूला सारून वाचावे असे हे पुस्तक आहे, यात संशय नाही.

तथापि या हसण्याच्या भरात आपण एक गोष्ट सोयीस्करपणे दृष्टीआड करतो, असे मला वाटत आले आहे. ‘स्मृतिचित्रे’ हे धर्माविषयीचे पुस्तक आहे. माणसाने श्रद्धेने जगावे म्हणजे नेमके काय करावे, दुसऱ्याला नीती सांगण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो आणि मरणानंतर शांती असते ती कोठे असते, हे तीन प्रश्न या पुस्तकाच्या पोटात आहेत. आपल्याकडचा पांढरपेशा वाचक ते वाचतो आणि धर्मांतराचा भाग घरातल्या एखाद्या अप्रिय प्रसंगासारखा चटकन उलटून पुढे जातो. उलट, व्यासपीठावरचा धर्मोपदेशक नेमका तेवढाच भाग उचलतो आणि बाकीचा संसार विनोद म्हणून सोडून देतो. दोघांनीही पुस्तक अर्धेच वाचलेले असते.

लक्ष्मीबाईंच्या आधी मराठीत ख्रिस्ती आत्मनिवेदनाची एक परंपरा होतीच. बाबा पदमनजींनी 1854 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ‘अरुणोदय’ हे आपले आत्मचरित्र लिहिले. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारा हा मनुष्य मोठा वाचनशील आणि तर्कनिष्ठ. ‘अरुणोदया’त शंका येते, ग्रंथ वाचला जातो, वाद होतो, शंका फिटते. तो एका बुद्धिमान तरुणाचा स्वतःशी चाललेला खटला आहे, आणि निकाल काय लागणार हे आपल्याला पहिल्या पानापासून ठाऊक असते.

पंडिता रमाबाईंची गोष्ट निराळी. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लगोलग ज्या भगिनींच्या आश्रयाला त्या राहिल्या होत्या त्यांच्याशीच त्यांचा वाद सुरू झाला. ब्राह्मण पुरोहितांचे जोखड झुगारले ते दुसऱ्या कुणाचे तसलेच जोखड मानेवर घेण्यासाठी नव्हे, असे त्यांचे स्पष्ट म्हणणे होते. बायबल आपण वाचू आणि आपल्या बुद्धीला जे पटेल ते मानू, एवढे त्यांनी परक्या मुलखात, परान्नावर असताना बजावून सांगितले. हा पत्रव्यवहार 1977 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ज्याला नैतिक अधिकार म्हणतात तो पदाने येत नाही, हे रमाबाईंनी मोठ्या बाणेदारपणे मांडले. पण रमाबाई पंडिता होत्या. शास्त्राला शास्त्राने उत्तर देण्याची ताकद त्यांच्यापाशी होती.

लक्ष्मीबाईंपाशी यातले काहीच नव्हते. 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्म, अकराव्या वर्षी लग्न, शाळेचे तोंड पाहिलेले नाही. अक्षरओळख झाली ती नवऱ्याकडून. ज्या माणसाने 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्याची ही बायको त्या वेळी जवळ नव्हती. आपला संसार एका दिवसात मोडला एवढेच तिला कळले. तेव्हा ‘स्मृतिचित्रे’तील ख्रिस्ती धर्म प्रथम घरात शिरतो तो संकट म्हणून. आनंदाची वार्ता म्हणून तो यायला पुढे पाच वर्षे लागतात. धर्मांतराच्या कथांत हे फारसे आढळत नाही. ज्याला प्रकाश दिसला तो लिहितो; त्या प्रकाशाने ज्याच्या घराला आग लागली त्याला कोणी विचारीत नाही. येथे लेखणी तिच्या हाती आहे.

म्हणूनच मी या पुस्तकाला घरातली साक्ष म्हणतो. ‘साक्ष’ हा मराठी ख्रिस्ती मंडळींचा खास शब्द. परमेश्वराने आपल्यासाठी काय केले ते चारचौघांत उभे राहून सांगणे म्हणजे साक्ष देणे. पण कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी होते, आणि धर्मपुरुषाची खरी उलटतपासणी त्याच्या घरातच होऊ शकते. टिळकांविषयी जे. सी. विन्स्लो यांनी 1923 साली इंग्रजीत चरित्र लिहिले. त्यात महाराष्ट्राचा ख्रिस्ती कवी आपल्याला भेटतो. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात तोच कवी चिडतो, रुसतो, लहान मुलासारखा हट्ट करतो, कुणाच्याही दुःखाने विरघळतो आणि घरात उद्याचे पीठ आहे की नाही याचा विचारही करीत नाही. त्या हे लपवीत नाहीत. आणि उगाळीतही नाहीत. त्यांच्या विनोदाचे सारे मर्म मला येथे दिसते. नवऱ्याचे दोष माफ करून टाकण्यासाठी त्या हसत नाहीत आणि सूड उगवण्यासाठीही हसत नाहीत. माणूस आहे तसा पुरता दिसावा म्हणून हसतात. एवढे सगळे सांगून झाल्यावरही टिळक आपल्याला मोठेच वाटतात. सर्वांत जवळच्या, सर्वांत जास्त सोसलेल्या साक्षीदाराच्या उलटतपासणीतून जो टिकतो, त्याच्या धर्माविषयी मग आणखी प्रशस्तिपत्र लागत नाही.

पण पुस्तकाचे मोठेपण टिळकांच्या चित्रणात संपत नाही. त्याचा खरा कणा म्हणजे पाण्याची गोष्ट.

पुस्तकाचा आरंभच सोवळ्याने होतो. 1857 च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली, आणि त्या धक्क्यापासून लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा जो ध्यास घेतला तो कधी सुटला नाही. धुवायच्या वस्तू आणि न धुवायच्या वस्तू असा भेदच त्या घरात उरला नव्हता. आपण ही प्रकरणे वाचून पोट धरून हसतो. पण जरा थांबून पाहावे. भयाने पछाडलेला एक माणूस अख्ख्या घराला पाण्याच्या धाकात ठेवतो, आणि सगळे घर त्यालाच धर्म समजते. नीतीचा अधिकार भयाच्या हाती गेला म्हणजे काय होते, याचे याहून नेमके चित्र मला मराठीत दुसरे आढळलेले नाही.

त्याच घरातली मुलगी पुढे नवऱ्याच्या गावी येते ती आपले सोवळे घेऊन. नवरा ख्रिस्ती झालेला. तिची चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळक तिच्यावर सक्ती करीत नाहीत, ही त्यांची थोरवी. आणि मग नगर जिल्ह्यातील राहुरीस असताना एका रात्री तिच्या मनात प्रश्न उभा राहतो: जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांत दिसतात तशा काही खुणा माणसांतही दिसल्या असत्या. त्या तर दिसत नाहीत. मग हे काम माणसाचे. एवढाच विचार. यात कोणा पंडिताचा आधार नाही, वचन नाही, दृष्टांत नाही. आणि विचार ठरला की आचार: यापुढे कुणाच्याही हातचे खायचे, कुणाच्याही हातचे प्यायचे.

हा क्षण ख्रिस्ती होण्याच्या आधीचा आहे, हे आपण लक्षात घेत नाही. बाप्तिस्मा 1900 सालचा. पाण्याचा निकाल त्याच्या आधी लागलेला. धर्मोपदेशकाने शिकवले म्हणून जात गेली असे येथे नाही. जात गेली म्हणून धर्माला आत यायला वाट झाली. श्रद्धेने जगणे याचा अर्थ लक्ष्मीबाईंच्या लेखी इतका साधा आहे. जे खरे आहे असे रात्री पटले, ते सकाळी पाण्याच्या भांड्यापाशी करून दाखवायचे. वडिलांच्या घरी पाणी माणसाला माणसापासून तोडीत होते. राहुरीस तेच पाणी जोडू लागले. दोन्ही प्रकरणे लागोपाठ वाचावीत. मग पहिल्या प्रकरणाचे हसू थोडे घशात अडकते, आणि ते अडकले पाहिजे.

टिळकांनाही पुढे असाच एक निकाल करावा लागला. 1917 साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचे वेतन सोडले आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. तुकोबांमुळेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे मानणाऱ्या या कवीला परदेशी पगाराच्या सावलीत देशी भक्तीची भाषा बोलणे जड होऊ लागले होते. वेतन सुटले तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन आले. पण येथेही लक्ष्मीबाईंचे पुस्तक आपल्याला विसरू देत नाही की संन्यास घेणाऱ्याच्या मागे एक घर असते, आणि त्या घरालाही त्या व्रताचा वाटा उचलावा लागतो.

9 मे 1919 रोजी मुंबईत टिळक गेले. आता प्रश्न येतो मरणानंतरच्या शांतीचा. धार्मिक पुस्तकांत येथे स्वर्गाची वर्णने येतात. लक्ष्मीबाई तसले काही लिहीत नाहीत. परलोकाविषयी त्या जवळजवळ गप्प आहेत, आणि ते गप्प राहणे मला कोणत्याही वर्णनापेक्षा विश्वासाचे वाटते. ज्या घरात नवऱ्याने ठोंबऱ्यांच्या बालकवीला मुलासारखे ठेवून घेतले, जेथे पोरकी मुले आपली झाली, तेथे घरधनी गेल्यावरही उठून कामाला लागणे भाग असते. लक्ष्मीबाई मुलगा देवदत्त याच्याबरोबर, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीस जाऊन राहिल्या. आणि टिळकांनी अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतले. टिळकांचे सुरुवातीचे थोडे अध्याय. पुढचे साठांहून अधिक लक्ष्मीबाईंचे. शाळेत न गेलेल्या बाईने गेलेल्या नवऱ्याच्या ओव्यांना आपल्या ओव्या जोडीत बसावे, यात मला मरणोत्तर शांतीची एक व्याख्या दिसते. गेलेल्याची शांती त्याच्यापाशी. आपल्याला दिसते ती मागे राहिलेल्याच्या हातात. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांची शंभराहून अधिक पदे आहेत. तीही अशाच मागे राहिलेल्यांच्या गळ्यातून जिवंत आहेत.

पुस्तकात उणिवा नाहीत असे नाही. शेवटचा भाग लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर, म्हणजे 24 फेब्रुवारी 1936 नंतर बाहेर आला, आणि पहिल्या भागांची गोळीबंद मांडणी त्यात राहिलेली नाही. प्रसंग येतात आणि जातात. याहून मोठी उणीव निराळी आहे. नगर भागातील ख्रिस्ती मंडळी बहुसंख्येने महार व मांग समाजातून आलेली. ज्यांच्या हातचे पाणी पिण्याचा निर्णय या पुस्तकाचा गाभा आहे, ती माणसे स्वतः मात्र पुस्तकात पुरती बोलत नाहीत. आपण पाणी पाजणाऱ्याचे धैर्य पाहत नाही, पिणारीचे पाहतो. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यावरून हाकलले त्याने पुढे केलेला तांब्या ही देखील एक साक्षच होती, आणि ती लिहिली गेली नाही. लक्ष्मीबाईंनी ती दडवली असे मी म्हणणार नाही. त्यांनी आपल्या डोळ्यांनी जेवढे पाहिले तेवढेच लिहिण्याची शपथ जणू पाळली. पण वाचकाने ही रिकामी जागा ओळखली पाहिजे.

एवढे असूनही, मराठीत श्रद्धेविषयी कोणते पुस्तक वाचावे असे कोणी विचारले तर मी कोणत्याही धर्माच्या माणसापुढे आधी ‘स्मृतिचित्रे’ ठेवीन. त्यासाठी ख्रिस्ती होण्याची गरज नाही; पुस्तकाची तशी मागणीही नाही. त्याची मागणी दुसरीच आहे, आणि ती अधिक अवघड आहे. लक्ष्मीबाईंना आपण घरातल्या खोडकर, खुसखुशीत आजीसारखे मानले. आजीच्या गोष्टीला हसावे आणि तिचे म्हणणे तेवढे ऐकू नये, ही आपली जुनी रीत. या दिवाळीत घरात पुस्तक मोठ्याने वाचले जाईल तेव्हा सोवळ्याच्या प्रकरणाशी थांबू नये. राहुरीच्या रात्रीपर्यंत वाचावे. मग ज्या घरात ते वाचले जात आहे त्याच घरात कामाला येणाऱ्या बाईचा चहाचा कप वेगळ्या फळीवर आहे का, हे मुलांपैकी कोणीतरी विचारील. त्या प्रश्नाला जो खरे उत्तर देईल आणि उठून तो कप आपल्या कपांत आणून ठेवील, त्याला लक्ष्मीबाई कळल्या असे मी समजेन.